कावळ्याला दिलेला शब्द

कावळा काही शिवेना.

सांगलीत कृष्णेच्या घाटावर दहाव्याची मंडळी ऊन चढेपर्यंत ताटकळली होती. पिंड मांडून झाले होते, गुरुजी हात धुऊन बाजूला झाले होते, आणि समोरच्या पिंपळावरचे कावळे मात्र आपला या गावाशीच काही संबंध नाही अशा थाटात फांदीवर चोची घासत बसले होते. गोपाळराव ओल्या पंच्यानं उभे होते. विश्रामबागेत राहणारे, मिरजेच्या आरएमएसमधून निवृत्त झालेले गोपाळकृष्ण. सगळे त्यांना गोपाळराव म्हणत. मुलानं बापाचं करायचं असतं. इथं बाप मुलाचं करत होता, आणि तो मुलगा, एकुलता एक सौमित्र, पिंडाजवळ यायलाही तयार नव्हता.

अशा वेळी मागं राहिलेल्यांनी काय करायचं ते ठरलेलं असतं. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखायचं आणि ते पुरं करायचा शब्द मोठ्यानं द्यायचा. गोपाळरावांनी सुरुवात केली. "सौमित्र, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतो." कावळे हलले नाहीत. सौमित्रचे मामा पुढं झाले. "औंधला यमाईला जायचं राहिलंय ना तुझं? आम्ही जाऊन येतो तुझ्या नावानं." एक कावळा उडाला, तोही पलीकडच्या काठाला. सौमित्र ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा तिथले सहकारी म्हणाले, पोरांचा राहिलेला सिलॅबस आम्ही पुरा करू. त्यावर तर कावळ्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मग कुणीतरी हळूच पुटपुटलं, "लग्नाचंच राहिलं असणार," आणि सगळ्यांच्या नजरा एकदम घाटाच्या वरच्या बाजूला गेल्या आणि तितक्याच घाईनं परत फिरल्या.

वर अबोली उभी होती. साताऱ्याची. मार्गशीर्षात तिचा नि सौमित्रचा साखरपुडा झाला होता, वैशाखात लग्न होतं. दहाव्याला बायका घाटावर येत नाहीत, पण ती वडिलांबरोबर आली होती आणि तिला मागं फीर म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. ती पायऱ्या उतरून खाली आली.

"काका, त्याचा ग्रुप राहिलाय," ती म्हणाली.

"कसला ग्रुप?"

"बंद पडलेला. पाडव्यापासून तो पुन्हा सुरू करणार होता."

गोपाळरावांनी तो शब्द ऐकला होता. जेवताना सौमित्र त्या ग्रुपबद्दल बोलत सुटायचा आणि गोपाळराव आमटी भुरकत 'हं' म्हणायचे. एवढीच त्यांची माहिती. पण दुपार व्हायला आली होती आणि गुरुजी दर्भाचा कावळा करून उरकून घ्यायची भाषा करायला लागले होते. आपल्या पोराला गवताच्या कावळ्यावर बोळवायचं त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी हात जोडले. "सौमित्र, तुझा ग्रुप मी सुरू करतो. मी चालवीन. शब्द देतो."

कावळा आला. पिंपळावरून सरळ खाली उतरला, इकडंतिकडं न बघता पिंडाला चोच लावली आणि घास घेऊन गेला.

ज्याला मानायचं त्यानं मानावं. ज्याला नाही त्यानं कावळ्याला नेमकी तेव्हाच भूक लागली म्हणावं. गोपाळरावांनी मानलं. परतताना रिक्षात मामांनी विचारलं, की हा ग्रुप भजनाचा का डोंगर चढायचा, तेव्हा मात्र त्यांना सांगता येईना. "बघू," ते म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

आपण कावळ्याला नक्की काय कबूल केलंय, हे त्यांना तेरावा झाल्यावर अबोलीकडून कळलं. सातारला पोवई नाक्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची. शकुंतलाबाईंनी, म्हणजे सौमित्रच्या आईनं, तिच्यापुढं चहा ठेवला आणि त्याही ऐकायला बसल्या.

जगभरच्या कॉम्प्युटरांवर असे ग्रुप असतात, अबोलीनं सांगितलं. एकेका विषयाचे. ज्याला त्यात रस आहे तो ग्रुपला पत्र लिहितो आणि ते सगळ्यांना वाचायला मिळतं. सौमित्रचा ग्रुप लिटरेट प्रोग्रॅमिंग नावाच्या विषयाचा, पण जरा वेगळा. तिथं आलेलं पत्र थेट जात नाही. ते आधी एका माणसाकडं येतं. तो वाचतो, योग्य असेल तर पुढं पाठवतो, नसेल तर परत करतो. त्या माणसाला मॉडरेटर म्हणतात. या ग्रुपचा मॉडरेटर कुठल्याशा देशातला एक प्रोफेसर होता, त्यानं हळूहळू लक्ष देणंच सोडलं. लोक लिहीत राहिले, पत्रं त्याच्या टपालात पडून राहिली, आणि ग्रुप मुका झाला. सौमित्रनं परदेशातल्या संबंधित लोकांच्या मागं लागून लागून परवानगी काढली होती, मॉडरेटर म्हणून त्याचं नाव नुकतंच लागलं होतं. पाडवा आठवड्यावर आला असताना वर्गात शिकवता शिकवता त्याचं डोकं दुखायला लागलं. मेंदूतली शीर फुटली होती. मिरजेला नेलं, पण संध्याकाळच्या आत सगळं संपलं होतं.

"म्हणजे सॉर्टिंग," गोपाळराव म्हणाले.

"तसंच म्हणा, काका."

सॉर्टिंग म्हटल्यावर त्यांना जरा आधार वाटला. आरएमएस म्हणजे रेल्वेची टपालसेवा. त्यांची हयात टपालाच्या डब्यात गेली होती. मिरजेहून पुण्याकडं गाडी धावत असायची आणि हे उभ्यानं पत्रं खणाखणांत टाकत जायचे. कराड, सातारा, लोणंद, स्टेशन यायच्या आत त्या त्या गावाची थैली बांधून तयार. टपाल वाचायचं नाही आणि टपाल अडवायचं नाही, हे त्यांनी नोकरीभर पाळलं. स्वतःच्या अधिकारात ते एकच सवलत द्यायचे. ज्या कार्डावर वरच्या बाजूला 'अशुभ' लिहिलेलं असे, ते कार्ड गठ्ठ्यातून बाजूला काढून ते पहिल्या थैलीत घालायचे. कुणाचा तरी बाप गेलेला असायचा, कुणाची तरी बहीण. निदान घरच्यांना वेळेत कळावं. ते कार्ड वाचून लोक फाडून टाकतात, घरात ठेवत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. पण पोचायला तर पाहिजे.

"आणि ते लिटरेट का काय ते?" त्यांनी विचारलं.

"लिटरेट प्रोग्रॅमिंग. प्रोग्राम सगळे कॉम्प्युटरसाठी लिहितात, काका. मग दुसऱ्या माणसाला तो उलगडतच नाही. कधी कधी लिहिणाऱ्याला स्वतःलासुद्धा सहा महिन्यांनी कळत नाही. सौमित्र म्हणायचा, आधी माणसाला सांगा. काय करायचंय, का करायचंय, त्याला समजेल त्या क्रमानं. आणि सांगता सांगता मधे मधे यंत्राचं तेवढं घालत जा. यंत्र आपलं आपण वेचून घेतं."

"मला कधी बोलला नाही तो हे."

अबोलीनं कपाकडं बघितलं. "सांगितलं होतं म्हणाला. जेवताना."



कॉलेजातल्या लोकांनी अडवलं नाही. सौमित्रच्या नावाचं खातं त्यांनी तसंच चालू ठेवलं आणि रविवारी लॅब उघडून द्यायचं काम नाथाजीकडं सोपवलं. नाथाजी लॅबचा शिपाई, जतकडचा. कुलूप काढता काढता तो म्हणाला, "आवं काका, सायेब लय बोलायचं ह्या मशिनीसंगं. मी म्हणायचो, ती काय उत्तर देतीया व्हय? तर म्हणायचं, तिच्यासंगं न्हाई रं नाथा, मानसांसंगं बोलतोय."

अबोली सकाळच्या एसटीनं साताऱ्याहून आली होती. तिनं फोनची तार जोडली, मशिनीनं पुण्याच्या मोठ्या कॉम्प्युटरला फोन लावला, बराच वेळ किंचाळल्यासारखा आवाज केला आणि एकदाचं टपाल उतरलं. ग्रुप पुन्हा उघडणार ही बातमी जगभर झालेली होती. पत्रांची रीघ लागली होती. पहिलंच पत्र नॉर्वेहून आलं होतं, आणि त्याची पहिली ओळ होती, 'डिअर सौमित्र'.

गोपाळरावांनी चष्मा काढला. दुसरं पत्र उघडलं, तिसरं उघडलं. डिअर सौमित्र, तू हे काम अंगावर घेतलंस, आभारी आहोत. डिअर सौमित्र, कसा आहेस. ज्या नावानं गेले कित्येक दिवस घरात कुणी मोठ्यानं हाक मारली नव्हती, ते नाव परमुलखातले लोक असं सहज घेत होते.

"काका, यांना सांगायला हवं," अबोली हळूच म्हणाली.

"सांगू. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारीही ते पुढच्या रविवारी म्हणाले. तिनंही फार नेट लावला नाही. पडद्यावरचं ते नाव ती बोटानं पुसल्यासारखं करायची आणि बोट तसंच तिथं ठेवायची. ते बघितल्यावर गोपाळरावांनी विषयच काढायचा सोडला.

ग्रुप सुरू झाला, पण पहिल्या महिन्यातच बुडायची पाळी आली, आणि तीही गोपाळरावांच्या सचोटीपायी. टपाल अडवायचं नाही हे हाडीमांसी मुरलेलं. आलेलं प्रत्येक पत्र त्यांनी इमानदारीनं पुढं पाठवलं. त्यात टकलावर केस उगवायचं औषध होतं, घरबसल्या श्रीमंत व्हायची युक्ती होती, आणि कुणाच्या तरी मांजराची पिल्लं द्यायची होती. जगभरचे विद्वान लोक खवळले. डिअर सौमित्र, हे काय चाललंय?

"कुणाचं पत्र अडवायचा अधिकार आपल्याला नाही," गोपाळराव अडून बसले.

"काका, इथं आपल्याला तेवढाच अधिकार आहे," अबोली म्हणाली.

त्यांना ते पटायला वेळ लागला. पण एकदा पटल्यावर त्यांनी आपली रीत बसवली. ते प्रत्येक पत्र पहिल्या अक्षरापासून वाचायचे. प्रोग्रॅमिंगचा त्यांना गंध नव्हता, इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं होतं, आणि नेमकं हेच कामाला आलं. जिथं समजायचं बंद व्हायचं तिथं ते थांबायचे. अबोली मागून वाचत असायची आणि पुष्कळदा तिच्या लक्षात यायचं, की लिहिणारा खरंच तिथं घसरलाय. आधी सांगायचं ते त्यानं मागाहून सांगितलंय. मग ते पत्र परत जायचं. परत पाठवायला अबोलीनं एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता, अर्थात आधी माणसाला समजावणारा. फक्त कुठल्या ओळीशी अडलं ते घालायचं. पत्र लिहिणाऱ्याचं नाव तो प्रोग्राम आपणच वर घालायचा. खाली ठरलेला मजकूर असायचा, इंग्रजीत, पण मराठीत सांगायचं तर असा: 'मी म्हातारा माणूस आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. या ओळीपासून पुढं मला समजलं नाही. कृपा करून पुन्हा एकदा सांगा.'

लोकांना वाटलं, हा सौमित्रचा खास विनोद आहे. एवढा हुशार तरुण, म्हाताऱ्याचं सोंग घेऊन शिकवतोय. ते हसत हसत पुन्हा लिहायचे आणि दुसऱ्यांदा खरोखर चांगलं लिहायचे. दिवाळीपर्यंत ग्रुपचं नाव झालं. डिअर सौमित्र, तुझ्या त्या म्हाताऱ्याला आमचा नमस्कार सांग, असं एकानं लिहिलं तेव्हा गोपाळराव हसले आणि मग लगेच उठून पाणी प्यायला गेले.

घरी शकुंतलाबाई वाट बघत असायच्या. मोतीबिंदूनं त्यांचं वाचन बंद झालं होतं, आणि ऑपरेशनला त्या आज नको उद्या करत होत्या. आता काय बघायचं राहिलंय, म्हणायच्या. पण रविवारी गोपाळराव चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा.

"आज कुणी कुणी हाक मारली त्याला?"

मग गोपाळराव एकेक सांगायचे. नॉर्वेचा होता. कॅनडाची ती बाई होती. एक नवीन आलाय, ब्राझीलचा. शकुंतलाबाई गावांची नावं पुटपुटून बघायच्या. "नॉर्वेला थंडी फार असेल नाही," असं काहीतरी म्हणायच्या, आणि तो आठवडा त्यावर निघायचा. त्या दोघांनी आपसात कधी कबूल केलं नसतं, पण ती दोघं रविवारसाठीच जगत होती.

फाल्गुन आला, वर्षश्राद्ध झालं, आणि एका दुपारी साताऱ्याहून अंजनाबाई आल्या. अबोलीची आई. एकट्याच आल्या होत्या. पाणी प्याल्या, शकुंतलाबाईंच्या डोळ्यांची चौकशी केली आणि पदराच्या टोकाशी चाळा करत बसून राहिल्या.

"बोला ना," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"लोणंदचं एक स्थळ आलंय अबोलीला. मुलगा चांगला आहे, सगळं माहीत असून त्यांनी विचारलंय. ती बघायलासुद्धा नको म्हणते. आम्ही जोर करत नाही हो. वर्षभर एका शब्दानं बोललो नाही. पण काल तिचे बाबा म्हणाले, अगं, तो गेला आता. तर म्हणाली, तिथं अजून त्याला पत्रं येतात. दर रविवारी मी बघते. मग तो गेला असं कसं म्हणू?" अंजनाबाईंनी डोळे टिपले. "मी काही मागायला आले नाही. नुसतं सांगायला आले."

त्या गेल्यावर गोपाळराव खुर्चीत बसून राहिले. शकुंतलाबाई चाचपडत आल्या आणि शेजारच्या पलंगावर टेकल्या.

"थांबवा आता हे," त्या म्हणाल्या.

"ग्रुप थांबवू? शब्द दिलाय मी."

"ग्रुप चालवायचा शब्द दिलाय तुम्ही. सौमित्रला चालवायचा नाही." त्या त्यांच्याकडं वळल्या. "मला किती बरं वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. आठवडाभर मी त्या नॉर्वेवाल्याची वाट बघते. पण आपल्याला बरं वाटावं म्हणून ती पोर दर रविवारी एसटीत बसते आणि इथं येऊन मेलेल्या माणसाचं टपाल उघडते. आपण तिला धरून ठेवलंय."

गोपाळरावांना राग आला. बायकोचा नाही, अंजनाबाईंचा तर नाहीच. जो उठतो तो आपल्या पोराला दुसऱ्यांदा घाटावर न्यायला निघालाय असं त्यांना वाटलं. ते उठून अंगणात गेले, तारेवरचे वाळलेले कपडे उगाच इकडचे तिकडे केले आणि आत आले. राग गेला होता आणि त्या जागी नुसतं दुखत होतं.

शनिवारी त्यांनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून साताऱ्याला फोन लावला. "अबोली, उद्या येऊ नकोस."

"का काका? बरं नाही का?"

"बरा आहे. उद्या मला एकट्याला करायचंय."

ती जराशानं म्हणाली, "ते लिहिणार आहात."

"हो."

"काका, मग तिथं त्याला कुणीच हाक मारणार नाही."

"नाही मारणार," गोपाळराव म्हणाले. पलीकडून रडण्याचा आवाज आला. त्यांनी रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला, तिचं रडणं थांबेपर्यंत. बूथवाल्यानं एकदा आत डोकावून बघितलं आणि तो आपला परत गेला.

रविवारी नाथाजीनं लॅब उघडली, अबोली नाही हे बघितलं आणि काही विचारलं नाही. गोपाळराव बसले. एकेक कळ शोधत त्यांनी लिहिलं. सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस वाईट बातमी जशी लिहील तशी लिहिली. सर्व संबंधितांना कळविण्यात येते की काही अपरिहार्य कारणांमुळे या ग्रुपच्या मॉडरेटरपदी बदल झालेला आहे, तरी सर्वांनी नोंद घ्यावी. आणि ग्रुपकडं धाडून दिलं. सुटलो असं त्यांना क्षणभर वाटलं.

पण त्या ग्रुपची रीतच तशी होती. ग्रुपला लिहिलेलं काहीही आधी मॉडरेटरच्या टपालात येणार, मग लिहिणारा स्वतः मॉडरेटर का असेना. थोड्या वेळानं टपाल उतरलं आणि त्यात त्यांचंच पत्र त्यांच्यापुढं आलं. खातं सौमित्रच्या नावाचं, त्यामुळं पत्रावर नाव त्याचंच. प्रेषक, सौमित्र.

एवढ्या आयुष्यात सौमित्रचं पत्र त्यांना कधी आलं नव्हतं. तो सांगलीतच वाढला, सांगलीतच शिकला, सांगलीतच नोकरीला लागला. बापाला पत्र लिहायची वेळच आली नाही. रोज ताटाला ताट लावून तर बसायचा. गोपाळराव ते नाव बघत राहिले. मग वर्षभराच्या सवयीनं त्यांनी पत्र पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं, आणि दुसऱ्याच ओळीत अडले. अपरिहार्य कारणं म्हणजे कुठली? वाचणाऱ्याला काय कळणार? दुसऱ्या कुणाचं असतं तर त्यांनी हे पत्र पुढं जाऊ दिलं नसतं. हेही त्यांनी जाऊ दिलं नाही. नेहमीसारखी ओळ नोंदवली आणि परत पाठवायची कळ दाबली.

परत पाठवलेलं पत्रही अर्थात त्याच टपालात येऊन पडलं. त्यांनी उघडलं. अबोलीच्या प्रोग्रामनं आपलं काम चोख केलं होतं.

'डिअर सौमित्र, मी म्हातारा माणूस आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. या ओळीपासून पुढं मला समजलं नाही. कृपा करून पुन्हा एकदा सांगा.'

गोपाळरावांनी तोंडावर पंजा दाबला. जेवणाच्या पाटावर जे म्हणायला हवं होतं ते हे होतं. अगदी एवढंच. पोरगा इतकी वर्षं बोलत होता आणि आपण 'हं' म्हणत होतो. एकदा वाटी खाली ठेवून म्हटलं असतं, मला समजलं नाही रे, पुन्हा एकदा सांग, तर त्यानं किती आनंदानं सांगितलं असतं. आता सांगायला कोण येणार होतं? ते रडले. लॅबच्या दाराशी स्टुलावर बसलेला नाथाजी उठला, बाहेर गेला आणि दार नुसतं लोटून घेतलं.

मग त्यांनी पुन्हा लिहिलं. या वेळी माणसाला समजेल त्या क्रमानं. सगळ्यात वर त्यांनी इंग्रजी अक्षरांत 'अशुभ' असं लिहिलं, आणि खाली समजावलं, की आमच्याकडं असं लिहिलेलं कार्ड माणूस गेल्याची बातमी घेऊन येतं, आणि मी टपालात होतो तेव्हा अशी कार्डं पहिल्या थैलीत घालायचो. लोकांची कार्डं मी कधी दाबून ठेवली नाहीत. माझ्या घरचं हे एक कार्ड मात्र मी वर्षभर दाबून ठेवलं. माझा मुलगा सौमित्र गेल्या वर्षी, तुमच्यातल्या एकाचंही पत्र पुढं पाठवायच्या आधीच वारला. मग त्यांनी घाट सांगितला, कावळा सांगितला, कावळ्याला काय विचारायचं असतं आणि आपण काय बोलून बसलो ते सांगितलं. तुम्ही ज्या म्हाताऱ्याला विनोद समजत होता तो खरा आहे, तो मीच. आणि साताऱ्याची एक मुलगी, जी माझी सून व्हायची होती, ती दर रविवारी इथवर येऊन हे सगळं चालवत होती. शब्द तिनं दिलेला नव्हता, मी दिला होता. आजपासून मी तिला रिलीव्ह करत आहे. तिचे आभार माना आणि तिला इथं शोधू नका. ग्रुप चालू राहील. यापुढं पत्रावर माझं नाव लिहावं, गोपाळकृष्ण.

ते पत्रही फिरून त्यांच्यासमोर आलं. प्रेषक, सौमित्र. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुठंही अडलं नाही. सगळं समजलं, आणि समजलं म्हणूनच हात पुढं होईना. ज्या दिवशी चितेला अग्नी दिला त्या दिवशी चारजणांनी त्यांचा हात धरून पुढं नेला होता. इथं धरायला कुणी नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी कळ दाबली आणि पत्र पुढं गेलं.

"झालं का काका?" नाथाजीनं दारातून विचारलं. "लावू का कुलूप?"

"लाव," ते म्हणाले.

त्या पत्राची एक छापील प्रत त्यांनी साताऱ्याला टपालानं पाठवली. अबोलीचा फोन आला नाही. अंजनाबाईंचा आला, शेजाऱ्यांकडं. ती एक दिवस खोलीतून बाहेर आलीच नाही, म्हणाल्या. मग वाचलेलं ते पत्र तिनं स्वतःच्या हातानं फाडलं, आणि लोणंदच्या लोकांना या म्हणून कळवा असं सांगितलं. गोपाळराव फोनवर "बरं केलं" म्हणाले आणि खरोखरच त्यांना बरं वाटलं, आणि त्याच वेळी घरातलं आणखी एक माणूस गेल्यासारखंही वाटलं.

पुढच्या रविवारी ते एकटेच लॅबवर गेले. टपाल पुष्कळ आलं होतं. नॉर्वेचा होता, कॅनडाची बाई होती, ब्राझीलचा होता. कधी न लिहिणारेही होते. ते एकेक उघडत गेले. डिअर गोपाळकृष्ण. डिअर मिस्टर गोपाळकृष्ण. डिअर मॉडरेटर. ब्राझीलच्यानं लिहिलं होतं, की माझं तुम्ही परत केलेलं पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय, आता मला माहीत आहे ते कुणासाठी लिहायचं. सगळ्यांनी फार चांगलं लिहिलं होतं. त्यांनी शेवटच्या पत्रापर्यंत बघितलं, आणि काही राहून तर गेलं नाही ना म्हणून पुन्हा वरपासून बघितलं. डिअर सौमित्र एकही नव्हतं. मग त्यांनी कामाचं पहिलं पत्र उघडलं आणि पहिल्या अक्षरापासून वाचायला सुरुवात केली.

घरी आले तेव्हा शकुंतलाबाई नेहमीच्या जागी, दाराशी बसल्या होत्या. चपलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"आज कुणी कुणी..." त्या सवयीनं म्हणाल्या आणि थांबल्या.

गोपाळराव त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. "आज सगळी पत्रं मला आली," ते म्हणाले.

शकुंतलाबाईंनी चाचपडत त्यांचा हात शोधला. त्या वर्षभरात दोघंही रडली होती, पण एकमेकांच्या चोरून. त्या दिवशी ती पहिल्यांदा एका जागी बसून रडली.